नळ, कोबा आणि शेजार

मोरोक्कोतल्या टँजियर शहरात २००७ च्या सुमारास एक प्रयोग झाला. तिथल्या गरीब वस्त्यांत बऱ्याच घरांत नळ नव्हते. पाणी सार्वजनिक नळावरून आणायचं. ते फुकट मिळायचं, पण त्यासोबत रांग, ओझं आणि भांडणंही पदरात पडायची. घरात नळ घ्यायचा तर पाणीपुरवठा करणारी कंपनी बिनव्याजी कर्ज द्यायला तयार होती, फेड हप्त्याहप्त्यानं. तरीही पुढे येणारे थोडेच होते. कागदपत्रं जमवायची, परवानगी काढायची, कचेरीत हेलपाटे मारायचे, म्हणजे हातावर पोट असणाऱ्याचे दिवस मोडणार. पुढे ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या एस्थर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी कुटुंबं निवडली आणि त्यांच्या दारात माणसं पाठवली. माहिती द्यायची, कागदांच्या प्रती घ्यायच्या, अर्ज कचेरीत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. सहा महिन्यांत या कुटुंबांपैकी ६९ टक्क्यांनी नळ घेतला. ज्यांच्याकडे कोणी गेलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के होतं.

यानंतरचा निकाल मोठा गमतीचा आहे. नळ आल्यानं लोकांचं आरोग्य सुधारलं का? नाही, सार्वजनिक नळाचं पाणीही स्वच्छच होतं. वाचलेल्या वेळात बायका कामाला जाऊन चार पैसे मिळवू लागल्या का? तेही नाही. उलट पाण्याचं बिल वाढलं. नेहमीच्या सरकारी फूटपट्टीनं मोजलं तर योजना नापास. पण त्या घरांतली माणसं मात्र नळावर खूश होती. पाण्यासाठी जाणारा वेळ विसाव्याला, गप्पाटप्पांना, नातेवाइकांकडे जाण्याला मिळू लागला. पाणी कोणी आणायचं यावरून घरात होणारी धुसफूस आणि नळावर शेजाऱ्यांशी होणारी कटकट कमी झाली. आपलं आयुष्य बरं चाललंय, असं सांगणारे वाढले आणि ते समाधान टिकलंही.

दुसरं उदाहरण मेक्सिकोचं. तिथल्या कोआविला राज्यात २००० साली ‘पिसो फिर्मे’ नावाची योजना सुरू झाली. ज्यांच्या घरात मातीची जमीन आहे, त्यांना सरकारनं ५० चौरस मीटरपर्यंत सिमेंटचा कोबा करून द्यायचा. योजनेत याहून अधिक काही नव्हतं. या राज्यातल्या टोरिओन शहराला खेटूनच दुरांगो राज्यातली गावं आहेत. माणसं तशीच, मजुरी तशीच, पण मधून राज्याची हद्द गेलेली. पलीकडे कोब्याची योजना नव्हती. संशोधकांना आयती तुलना मिळाली. कोबा झालेल्या घरांतल्या मुलांचे जंत, हगवण आणि रक्तक्षय कमी झाले, आकलनाच्या चाचण्यांत ती पुढे गेली. आणि त्यांच्या आयांचं काय? त्यांच्यातली नैराश्याची आणि ताणाची लक्षणं घटली, घराबद्दलचं आणि एकूण जगण्याबद्दलचं समाधान वाढलं. घरात येणारा पैसा मात्र पूर्वीइतकाच होता.

तिसरं उदाहरण अमेरिकेचं. १९९४ ते १९९८ या काळात बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क अशा पाच शहरांत सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांसाठी सोडत काढली गेली. चिठ्ठी निघेल त्याला कमी गरिबीच्या वस्तीत भाड्यानं राहायला सरकारी मदत मिळणार होती. अपेक्षा अशी की चांगल्या वस्तीत गेल्यावर मोठ्या माणसांना चांगली नोकरी लागेल. दहा-पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्यांचं उत्पन्न जवळपास जिथल्या तिथेच होतं. पण गोळीबाराची धास्ती गेली होती, मधुमेहाचं आणि अति लठ्ठपणाचं प्रमाण कमी होतं, आणि माणसं अधिक सुखात होती. किती सुखात? शेजारची गरिबी बऱ्यापैकी कमी झाल्यावर समाधानात जी वाढ दिसली, ती वर्षाला १३ हजार डॉलर जास्त मिळवणाऱ्या माणसाच्या समाधानाइतकी होती. या कुटुंबांची वर्षाची कमाईच सरासरी २० हजार डॉलर होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. लहानपणी अशा वस्तीत गेलेली मुलं मोठेपणी जास्त कमावू लागली, हे त्यानंतर काही वर्षांनी उघड झालं.

नळ, कोबा आणि शेजार. तीन देशांतल्या या तीन योजनांत मोठ्यांचं उत्पन्न हललं नाही, जगणं मात्र हललं. ते कळलं, कारण कुणीतरी लोकांना थेट विचारलं. सार्वजनिक धोरणानं माणसांचं सुख वाढू शकतं का, हा प्रश्न ऐकला की आपण एकदम अध्यात्माकडे किंवा थट्टेकडे वळतो. वास्तविक हा प्रश्न पाणी, निवारा आणि वस्ती यांच्याइतकाच जमिनीवरचा आहे.

उत्पन्नाच्या चाळणीतून काय गळतं

देशाचं उत्पन्न मोजण्याची आजची पद्धत ज्यांच्या कामातून उभी राहिली, त्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात सावध केलं होतं की, या आकड्यावरून लोकांच्या भल्याचा अंदाज बांधता येत नाही. इशारा बाजूला राहिला आणि आकडा राज्य करू लागला. त्याचा चक्रमपणा समजायला आपला उन्हाळा पुरेसा आहे. सोसायटीनं पाण्याचे टँकर मागवले की तो खर्च राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो. नळाला पुरेसं पाणी आलं आणि टँकर बंद झाले, तर तेवढं उत्पन्न कमी दिसतं. वाहतूक कोंडीत जळलेलं पेट्रोल जमेला. आजीनं सांभाळलेलं नातवंड, शेजाऱ्यानं दवाखान्यात काढलेली रात्र मात्र कुठल्याच खात्यावर नाही.

१९७४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी आणखी एक कोडं मांडलं. एका वेळी एका देशात पाहिलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सरासरीनं सुखी दिसतात. पण अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पन्न एवढं वाढूनही लोकांचं सरासरी सुख त्या प्रमाणात वाढलेलं दिसत नाही. त्यावरचा वाद अजून चालू आहे. आकडे वेगळ्या तऱ्हेनं मांडले तर श्रीमंत होणारे देश अधिक समाधानी होतात, असं म्हणणारे अभ्यासकही कमी नाहीत. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की, गरिबाच्या हातात आलेला रुपया श्रीमंताच्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त सुख देतो. म्हणून ‘पैशानं सुख मिळत नाही’ हे वाक्य पोट भरलेल्यानं उपाशी माणसाला ऐकवू नये. गरिबी हटवणं हे सुखाच्या धोरणाचंही पहिलं कलम आहे. ते एकमेव नाही, इतकाच मुद्दा.

२००८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी जोसेफ स्टिग्लिट्झ, अमर्त्य सेन आणि झाँ-पॉल फितुसी यांचा आयोग नेमला. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालाचा सूर असा होता की, सरकारांनी उत्पादन मोजण्यावरचा भर कमी करून लोकांची सुस्थिती मोजावी, आणि त्यात आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांच्याबरोबर माणसं स्वतः आपल्या आयुष्याबद्दल काय सांगतात, हेही धरावं. जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं भूतानच्या पुढाकारानं याच आशयाचा ठराव केला. २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन त्यानंतरचा.

विचारायचं ते काय

सुख मोजायचं म्हणजे थर्मामीटर लावायचा नाही, प्रश्न विचारायचा. जगभर जास्त वापरला जाणारा प्रश्न शिडीचा आहे. शिडीला शून्य ते दहा अशा पायऱ्या आहेत असं समजा. सगळ्यात वर तुमच्या मते शक्य तितकं चांगलं आयुष्य, तळाशी शक्य तितकं वाईट. तुम्ही आज कितव्या पायरीवर आहात? दरवर्षी मार्चमध्ये येणारा जागतिक आनंद अहवाल या उत्तरांवर बेतलेला असतो. २०१८ पासून फिनलंड त्यात पहिला आहे. २०२५ च्या अहवालात भारत १४७ देशांत ११८ वा होता. आपल्याकडे त्या क्रमांकावर चार दिवस चर्चा होते, मग वर्षभर शांतता. एका देशात साधारण हजार माणसांना विचारून काढलेल्या सरासरीनं आपला अभिमान दुखावून घेण्याचं कारण नाही. देशादेशांतल्या शर्यतीपेक्षा एकाच देशातल्या माणसामाणसांत फरक का पडतो, हे धोरणाच्या दृष्टीनं जास्त उपयोगाचं आहे.

ब्रिटननं हे ओळखलं. तिथलं सांख्यिकी कार्यालय २०११ पासून आपल्या मोठ्या पाहणीत चार प्रश्न विचारतं. सध्याच्या आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? तुम्ही जे करता ते कितपत मोलाचं वाटतं? काल तुम्ही किती आनंदात होता? काल किती चिंतेत होता? शून्य ते दहा गुण द्यायचे. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वयात, कुठल्या परिस्थितीत माणसं खचतात, याचा नकाशा त्यातून तयार होत गेला. २०२१ मध्ये ब्रिटिश अर्थखात्यानं एक पाऊल पुढे टाकलं. एखाद्या माणसाचं समाधान दहाच्या पट्टीवर एका गुणानं, एका वर्षासाठी वाढलं, तर प्रकल्पाच्या हिशेबात त्याचं मोल सुमारे १३ हजार पौंड धरता येईल, असं मार्गदर्शन त्यांनी प्रसिद्ध केलं. सुखाला किंमत लावणं कानाला बरं वाटत नाही. पण हिशेबात ज्याला आकडा नसतो त्याला प्रत्यक्षात शून्य धरलं जातं, हा कारभाराचा अनुभव आहे.

अशा उत्तरांवर भरवसा ठेवावा का? माणूस आज पाऊस पडला म्हणून कमी गुण देईल, उद्या सामना जिंकला म्हणून जास्त. एका माणसाच्या बाबतीत हे खरं आहे. हजारो माणसांत असे चढउतार एकमेकांना छेद देतात. शिवाय नोकरीत असमाधानी असल्याचं सांगणारे पुढे खरोखरच नोकरी जास्त सोडतात, एखाद्याच्या समाधानाबद्दल त्याचे मित्र जे सांगतात ते त्याच्या उत्तराशी बरंचसं जुळतं. आकडा ढोबळ आहे, पण पोकळ नाही.

कशाची सवय होते आणि कशाची होत नाही

या पाहण्यांतून धोरणाला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट कुठली, तर माणसाला कशाची सवय होते आणि कशाची होत नाही. नवी गाडी, वाढलेला पगार, मोठा टीव्ही यांचं अप्रूप लवकर ओसरतं. बेकारीची सवय मात्र होत नाही. जर्मनीत त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं विचारत गेल्यावर असं दिसलं की, नोकरी गेल्यावर समाधान घसरतं ते नुसत्या बुडालेल्या पगाराच्या मानानं खूपच जास्त, आणि पुन्हा काम मिळाल्यावरही ते पूर्वीच्या जागी पूर्णपणे येत नाही. कामासोबत दिवसाची घडी, चारचौघांतली ओळख आणि आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही जाणीवही जाते. बेकाराला नुसती रक्कम देणं आणि त्याच्या हाताला काम देणं, यांत म्हणूनच फरक आहे.

रोजच्या प्रवासाचंही तसंच. डॅनियल काह्नमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या सुमारे नऊशे नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब आणि त्या त्या वेळचं मन विचारलं. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास यादीत तळाला होता. कर्जत किंवा विरारहून चर्चगेट, सीएसएमटी गाठणाऱ्यांना हे कळायला संशोधन नको. पण शहराचा आराखडा करताना, घरं कुठे आणि नोकऱ्या कुठे हे ठरवताना, हा रोजचा मनस्ताप खर्चाच्या बाजूला मांडला जात नाही, म्हणून संशोधन हवं.

आणि तिसरी सवय न होणारी गोष्ट म्हणजे मनाचा आजार. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे रिचर्ड लेयर्ड यांनी दाखवून दिलं की ब्रिटनमधल्या दुःखाची कारणं शोधत गेलं तर नैराश्य आणि चिंताविकार गरिबीच्या बरोबरीनं, किंबहुना तिच्या पुढे उभे राहतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्यासह त्यांनी सरकारपुढे सरळ व्यवहार मांडला: या आजारांवर बोलण्याच्या उपचारपद्धती उपलब्ध आहेत, त्या सिद्ध झालेल्या आहेत, माणूस बरा होऊन कामावर परतला तर वाचलेल्या भत्त्यातून आणि मिळालेल्या करातून उपचाराचा खर्च भरून निघतो. २००८ पासून ब्रिटिश आरोग्यसेवेनं हजारो समुपदेशक तयार केले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय माणूस स्वतः नाव नोंदवू शकतो. प्रत्येक भेटीत लक्षणांची नोंद होते आणि निकाल जाहीर होतात. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे बरे होतात. सुखाच्या संशोधनातून निघालेली आणि देशभर रुजलेली एवढी ठोस योजना दुसरी दाखवणं अवघड आहे. तिच्या नावात कुठेही सुख नाही, हेही लक्षात घेण्याजोगं.

राज्यघटनेत सुख लिहिलं तर

भूताननं मात्र ते नावानिशी लिहिलं. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही कल्पना मांडली. २००८ च्या राज्यघटनेतल्या नवव्या कलमानुसार या आनंदाला पोषक परिस्थिती निर्माण करण्याचा प्रयत्न करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. देशाची किमान ६० टक्के भूमी कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधनही याच घटनेत आहे. भूतानची मोजणी शिडीच्या एका प्रश्नावर थांबत नाही. राहणीमान, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, मनःस्थिती, संस्कृती, कारभार, शेजारधर्म, निसर्ग अशी नऊ क्षेत्रं आणि त्यांखाली ३३ निर्देशक. यांपैकी सहा क्षेत्रांइतकी पुरेशी स्थिती ज्याची असेल तो सुखी मानला जातो. हा निर्देशांक २०१० मध्ये ०.७४३ होता, २०२२ मध्ये ०.७८१ झाला. रात्रीची पुरेशी झोप आणि शेजाऱ्यावरचा विश्वास यांना सरकारी तक्त्यात जागा देणारा हा देश विचारानं पुष्कळ पुढे होता, यात शंका नाही.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. १९९० च्या दशकात याच देशातून नेपाळी भाषा बोलणाऱ्या सुमारे एक लाख लोकांना बाहेर पडावं लागलं. त्यांची कित्येक वर्षं नेपाळमधल्या छावण्यांत गेली. जे घराबाहेर काढले जातात त्यांचं दुःख मागे उरलेल्यांच्या सरासरीत उतरत नाही. अलीकडे शिकलेले तरुण मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत, कारण देशात मनाजोगं काम नाही. निसर्ग, शांतता आणि संस्कृती यांना महत्त्व देताना रोजगार मागे पडला तर तरुण माणूस गुण देऊन नव्हे, निघून जाऊन मत नोंदवतो.

न्यूझीलंडनं वेगळा मार्ग धरला. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांच्या सरकारनं मे २०१९ मध्ये ‘वेलबीइंग बजेट’ मांडलं. खात्यांनी पैसे मागताना मानसिक आरोग्य, बालकांची गरिबी, माओरी आणि पॅसिफिक समाजाची स्थिती अशा ठरवलेल्या उद्दिष्टांना त्यातून काय मिळेल हे दाखवायचं होतं. मानसिक आरोग्यासाठी १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलर ठेवले गेले. घोषणेला जगभर टाळ्या मिळाल्या. पुढे पैसा सेवांपर्यंत पोचायला फार वेळ लागतो, अशी टीकाही झाली. अर्थसंकल्पाची भाषा बदलली म्हणून प्रशिक्षित माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत.

वेल्सनं २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या सुस्थितीचा कायदा केला आणि जी मुलं अजून जन्मालाही आलेली नाहीत त्यांच्या वतीनं बोलायला एक आयुक्त नेमला. न्यूपोर्ट शहराजवळ एम-४ महामार्गाला नवा फाटा काढायचा घाट अनेक वर्षं चालू होता. पहिल्या आयुक्त सोफी हाऊ यांनी कायद्यावर बोट ठेवून विरोध केला. २०१९ मध्ये वेल्सचे मुख्य मंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी खर्च आणि पर्यावरण ही कारणं देऊन तो प्रकल्प रद्द केला. एका मोठ्या रस्त्याला नकार देताना सरकारला सुस्थितीचा कायदा पाठीशी असणं, हे चित्र अजून तरी दुर्मीळ आहे.

उपदेशाचा मोह

सुख हे सरकारी उद्दिष्ट झालं की एक मोह जवळ येतो. परिस्थिती बदलणं कठीण, माणसाला आनंदी राहायला शिकवणं सोपं. व्हेनेझुएलात २०१३ मध्ये ‘सर्वोच्च सामाजिक आनंदा’साठी उपमंत्रालय निघालं, तेव्हा दुकानांत रोजच्या वस्तूंचा तुटवडा होता. संयुक्त अरब अमिरातीनं २०१६ मध्ये आनंदमंत्री नेमला. त्याच वर्षी मध्य प्रदेशानं देशातला पहिला आनंद विभाग काढला. नको असलेल्या वस्तू ठेवायच्या आणि गरजूंनी न्यायच्या अशा जागा, स्वयंसेवक, शिबिरं असे उपक्रम त्यानं चालवले. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आठवीपर्यंत आनंदाचा तास सुरू झाला. मुलांना दिवसातून थोडा वेळ शांत बसायला, मनातलं बोलायला शिकवण्यात गैर काही नाही, फायदाच असेल. पण ज्या शेतकऱ्याचं पीक गेलंय, ज्या बाईला रात्री दोनला टँकरची वाट पाहायची आहे, त्यांना ‘सकारात्मक राहा’ हे सरकारनं सांगणं म्हणजे जबाबदारी त्यांच्यावरच ढकलणं.

अमर्त्य सेन यांनी याच्याही खोलवरचा धोका दाखवला. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य पाहणी झाली होती. प्रकृती कशी आहे असं विचारल्यावर विधुरांपैकी पुष्कळांनी तक्रारी सांगितल्या. विधवांपैकी तक्रार करणाऱ्या अगदी थोड्या. विधवांचे हाल तर जास्त होते! ज्यांना आयुष्यभर अपेक्षाच ठेवू दिली नाही, त्यांची तक्रारही मरून जाते. ‘आम्ही समाधानी आहोत’ या उत्तरावर सरकार निर्धास्त झालं तर सर्वांत दबलेल्या माणसांवर सर्वांत आधी अन्याय होईल. म्हणून समाधानाचा आकडा आरोग्य, शिक्षण आणि हक्क यांच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचायचा असतो. त्यांच्या जागी नव्हे.

हे सगळं एकत्र पाहिल्यावर माझा निष्कर्ष असा: सरकारनं आनंद वाटायला निघू नये, हाल कमी करावेत. आनंद ज्याचा त्यानं शोधावा. कुणाला तो भजनात सापडेल, कुणाला क्रिकेटमध्ये, कुणाला एकटं बसण्यात. रांग, हेलपाटे, बेकारी, दवाखान्याचं कर्ज आणि रस्त्यावरची भीती यांचे हाल मात्र सगळ्यांना सारखेच बोचतात, आणि ते कमी करणं सरकारच्या हातात आहे.

आपल्या खात्यावर काय आहे

या कसोटीवर महाराष्ट्राची पाटी कोरी नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना ही वि. स. पागे यांच्या विचारातून आली. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कायदेशीर बंधन आहे, असं म्हणणारा कायदा इथे १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशभराचा कायदा यायला २००५ उजाडलं. नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो मुळात याच योजनेच्या खर्चासाठी बसवलेला. बेकारीनं माणूस किती खचतो याचे जर्मन आकडे यायच्या कितीतरी आधी आपण पगारदाराच्या खिशातून मजुराच्या हाताला काम देण्याची व्यवस्था केली होती.

२०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमही याच जातीचा. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. टँजियरच्या प्रयोगात पाइप टाकण्याआधी अडथळा कागदांचा होता, हे आठवलं की या कायद्याचं महत्त्व कळतं. तो किती कार्यालयांत खरोखर पाळला जातो, हे पाहणं मात्र नागरिकांवर सोडलेलं आहे.

मानसिक आरोग्यात आपण फार मागे आहोत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. २०१७ च्या कायद्यानं सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवा मिळते. ब्रिटनकडून शिकायचं ते इथेच: समुपदेशक मोठ्या संख्येनं तयार करा, त्यांना तालुक्यापर्यंत न्या आणि किती माणसं बरी झाली ते जाहीर करा.

आणि वेळ. जल जीवन मिशन ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा देशातल्या ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या वर गेला आहे. जोडण्यांची बेरीज संकेतस्थळावर दिसते. त्या घरातल्या बाईचा रोज किती वेळ वाचला, हे तिथे दिसत नाही. विशेष म्हणजे वेळ मोजण्याची सोय आपल्याकडे आहे. केंद्राच्या वेळवापर पाहणीत २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं सुटली. पुरुषांचीही जवळपास तेवढीच. इतक्या कष्टानं घरोघरी जाऊन चोवीस तासांचा हिशेब घेणाऱ्यांनी जाता जाता ‘सध्याच्या आयुष्याबद्दल किती समाधानी?’ हा एक प्रश्न विचारला, तर खर्च नगण्य वाढेल आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या हालांचा नकाशा हाती येईल. पुढच्या पाहणीत तो घालावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे करायला हरकत नाही.

तोवर वाट पाहण्याचीही गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. शहरात वॉर्डाची, सोसायटीची बैठक असते. नव्या कामाचा ठराव वाचला गेला की किती रुपये, किती मीटर, हे सगळेच विचारतात. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा: यानं कुणाचा रोजचा किती वेळ वाचेल, आणि कुणाचे किती हेलपाटे थांबतील? ज्या कामाचं उत्तर ‘कुणाचेच नाही’ असं येईल, त्यावर हात वर करण्याआधी थांबा.